सात्ता खिंडीतला फुजी

फूलस्केप कागदाहून थोडेसे मोठे असे ते आडवे चित्र आहे. डावीकडे सरळ तुटलेला कडा, कड्याच्या अगदी वरच्या टोकाशी बिचकत डोकावणारे चिमुकले वाटसरू, वाऱ्याने वाकलेले पाइन वृक्ष, खाली निळाशार उपसागर, त्यावर पांढरी शिडे. आणि या सगळ्याच्या पलीकडे, आपला इथल्या धांदलीशी काही संबंधच नाही अशा थाटात बसलेला पांढराशुभ्र फुजी. जपानी चित्रकार हिरोशिगे (१७९७–१८५८) याने १८३३-३४ च्या सुमारास काढलेल्या 'तोकाइदोचे त्रेपन्न मुक्काम' या मालिकेतले हे युइ गावचे चित्र. जपानची चित्रे चाळताना पुष्कळांच्या नजरेखालून ते गेले असेल.

तोकाइदो म्हणजे एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला जाणारा सुमारे पाचशे किलोमीटरांचा जुना राजरस्ता. वाटेत त्रेपन्न मुक्काम. सुरुवातीचा पूल आणि शेवटचे क्योतो धरून चित्रे पंचावन्न. चेरीच्या लाकडाचे ठसे कोरायचे, जवळजवळ प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि हाताने दाबून कागदावर छाप घ्यायची, असा हा उद्योग. चित्रकार रेखाटन करून मोकळा होई. कोरणारा निराळा, छापणारा निराळा, आणि पैसा घालणारा प्रकाशक तर आणखीनच निराळा. ही चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती. वाडगाभर शेवयांना जे पडे तेवढ्यात चित्र मिळे म्हणतात. आणि समुद्राचा तो निळा रंग, ज्याला आपण अगदी अस्सल जपानी समजतो, तो मूळचा बर्लिनचा. परदेशी जहाजांतून आलेला!

हिरोशिगे १८३२ साली शोगुनच्या लवाजम्याबरोबर या रस्त्याने गेला आणि परत येऊन त्याने ही चित्रे काढली, अशी परंपरागत हकिकत आहे. अलीकडचे अभ्यासक मात्र तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. मालिकेतली काही चित्रे १७९७ सालच्या एका सचित्र प्रवासवर्णनावर बेतली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा प्रश्न असा, की आपण जे चित्र घेऊन जागा पाहायला जातो, ते त्या जागेचे तरी आहे का? नाताळच्या सुटीत जपानला जाणे घडले, तेव्हा हाच प्रश्न मनात धरून आणि चित्राचे एक कार्ड खिशात ठेवून आम्ही उभयता युइच्या लहानशा स्टेशनावर उतरलो.

युइ गाव २००८ पासून शिझुओका शहरात मोडते. पण शहरपणाची खूण तिथे फारशी दिसत नाही. डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेली एक अरुंद गल्ली, तेच गाव. तीच जुनी राजरस्त्याची वाट. पूर्वी जिथे सरदार लोक मुक्काम करीत त्या जागी १९९४ पासून हिरोशिगेच्या चित्रांचे संग्रहालय उभे आहे. गावाची दुसरी कीर्ती म्हणजे साकुराएबी नावाची गुलाबी, बोटाच्या पेराएवढी कोलंबी. १८९४ साली इथल्या कोळ्यांचे जाळे चुकून खोल गेले आणि ही कोलंबी वर आली. इथला उपसागर अडीच हजार मीटर खोल, जपानात सर्वांत खोल. २०१८ साली मात्र कोलंबी रोडावली आणि कोळी चिंतेत पडले.

गाव संपले की चढ लागतो. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, इतक्या उतारावर की माल खाली आणायला एका रुळावरून सरकणारी गाडी बसवलेली. वाटेत एका फळीवर संत्र्यांच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी पैसे टाकायचा डबा, आणि विकणारे माणूस कोणी नाही. सौ.ने पैसे टाकले, पिशवी उचलली, आणि कोणी पाहत नसताना पैसे टाकल्याचा आनंद पुढे बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर होता.

आणि मग एका वळणावर फुजी समोर आला.

खिशातले कार्ड काढायची गरजच नव्हती. डोंगराचा तोच उतार, उपसागराची तीच कमान, आणि मधोमध ३,७७६ मीटर उंचीचा तोच पांढरा त्रिकोण. फक्त कडा तेवढा नव्हता. म्हणजे डोंगर आहे, चांगला तीव्र उताराचा आहे. पण चित्रातल्यासारखा भिंतीगत उभा तुटलेला नाही. तिथे तिकाटण्यावर कॅमेरा चढवून एक वयस्कर गृहस्थ ढग हलायची वाट पाहत बसले होते. त्यांना कार्ड दाखवले. त्यांनी कड्यावर बोट ठेवले, डोके हलवले आणि मनापासून हसले. आमची चार जपानी शब्दांची पुंजी तिथेच संपली होती. पण अर्थ कळला.

खाली पाहिले, तो पायाशी तीन रस्ते एकमेकांना खेटून धावत होते. आतल्या अंगाला आगगाडीचा मार्ग, मग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक एक, आणि बोगद्यातून बाहेर पडून थेट पाण्याच्या कडेने जाणारा तोमेई द्रुतगती मार्ग, जो १९६९ साली पूर्ण झाला. शिंकान्सेन गाडी १९६४ पासून डोंगराच्या पोटातूनच जाते, ती दिसत नाही. मालमोटारींचा एक अखंड घुमारा वर येत होता.

त्या गृहस्थांनी आपला पंजा आडवा करून डोळ्यांसमोर धरला आणि मलाही तसे करायला खुणावले. मी केले. तिन्ही रस्ते तळव्याआड गेले आणि उरले ते हुबेहूब हिरोशिगेचे चित्र. सौ.नेही करून पाहिले, आणि म्हणाली, "पण अहो, हात काढल्यावरच जास्त चांगलं दिसतंय!"

तेव्हा मला ते पटले नाही. नंतर विचार केला तेव्हा वाटले, तिचेच बरोबर असावे. हिरोशिगेने काही निर्जन निसर्ग रंगवला नव्हता. त्याने रस्ता रंगवला होता. हमाल, घोडे, पालख्या, पावसात पळणारी माणसे यांनी ती मालिका गजबजलेली आहे. तो आज असता तर मालमोटारी त्याने नक्कीच घेतल्या असत्या, आणि त्या किती लहान दिसतात हेही दाखवले असते.

पण खरी गंमत निराळीच आहे. ज्या पट्टीवर आज रस्ते आहेत, ती चित्रात नाही. आणि ती चित्रकाराने गाळलेली नाही. तिथे तेव्हा समुद्रच होता. पूर्वी कड्याखालून लाटा चुकवत पळावे लागे. त्या वाटेचे नावच मुळी असे, की तिथे बाप लेकाला ओळखत नाही आणि लेक बापाला. म्हणून तर खिंडीतून वाट काढली. १८५४ साली मोठा भूकंप झाला, किनारा वर उचलला गेला आणि कड्याच्या पायथ्याशी जमीन मोकळी झाली. १८८९ मध्ये तोक्यो-कोबे आगगाडी सुरू झाली ती इथूनच. द्रुतगती मार्गासाठी पुढे आणखी भर घालावी लागली. हिरोशिगे वारला १८५८ साली. म्हणजे त्याचे चित्र जुने झाले ते त्याच्या हयातीतच, आणि ते जुने करणारी यंत्रे नव्हती.

हा डोंगर अजूनही स्वस्थ नाही. तो सरकतो. १९६१ आणि १९७४ साली इथे मोठ्या दरडी कोसळल्या. २०१४ च्या ऑक्टोबरात वादळाच्या पावसाने दरड येऊन आगगाडी दहा दिवस बंद होती. पूर्व आणि पश्चिम जपानला जोडणाऱ्या वाहतुकीची नाडीच या चिंचोळ्या पट्टीतून जाते, म्हणून सरकारने २००५ साली डोंगराला धरून ठेवण्याचे मोठे काम हाती घेतले. पोटातले पाणी काढून टाकायला खोल विहिरी आणि बोगदे, खडकापर्यंत रोवलेले खांब. संत्र्यांच्या बागांमधून हिंडताना यातले काही काही नजरेस पडते आणि पायाखालची जमीन जरा वेगळी वाटू लागते. हिरोशिगेचा कडा खोटा म्हणून ते गृहस्थ हसले खरे. पण वाटसरूंच्या चेहऱ्यावर त्याने जी धास्ती काढली आहे, ती मात्र तिथे आजही शाबूत आहे.

ढग हलला नाही. संत्री संपली. आम्ही पलीकडच्या अंगाने ओकित्सुला उतरलो, आणि परतीची गाडी धरली. तिने आम्हांला त्याच डोंगराखालून पाचसहा मिनिटांत युइला आणून सोडले. खिडकीतून एक भिंत, मालमोटारींचे पत्रे आणि मध्येच चमकणारे पाणी दिसले. फुजी कुठेच दिसला नाही. डब्यातली शाळकरी मुले पेंगत होती.