रेडी

नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात सगळेच तिचं कौतुक करतात. मी मुद्दाम थांबलो. दिवाळी 2023 ला हायब्रिड घेतली. तेव्हापासून पुणे ते पुसेगाव इतक्या खेपा झाल्या आहेत, की आता तक्रारी करण्याचा हक्क मिळाला असं मी धरून चाललो आहे. गाडी वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मेहुणा म्हणेल, "मी सांगत होतो, डिझेल घे."

आणि पुसेगाव म्हणजे आमचं, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांचं ते साताऱ्याचं. गाडीच्या पडद्यावर पुसेगाव टाकलं की पहिलं नाव साताऱ्याचंच येतं. एकदा घाईत मी तेच दाबलं आणि हडपसरपर्यंत ती बाई मला मागे वळायला सांगत होती. पण हा दोष हायब्रिडचा नाही, मराठवाड्याच्या नशिबाचा आहे. :)

आता खऱ्या तक्रारी.

पहिली म्हणजे समजावून सांगण्याची. गावात गाडी उभी केली की पारावरून प्रश्न येतो, "चार्जिंगला कुठं लावता?" मी सांगतो, लावायची नसते. पेट्रोल भरायचं. आत एक मोटर आहे, एक बॅटरी आहे, ब्रेक मारला की बॅटरी आपोआप भरते. त्यावर एक आजोबा म्हणाले, "मग नुसते ब्रेकच मारत जावा की!" गंमत अशी की ते फारसे चुकले नव्हते. पुण्याच्या गर्दीत दर दहा पावलांवर ब्रेक लागतो, तिथे ही गाडी पेट्रोल वाचवते. समृद्धीवर एका वेगात सरळ पळवली की तिचं निम्मं कसब वाया जातं. लांब गावी जायचं म्हणून हायब्रिड घेणारा मी! सेल्समनने हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसरी तक्रार सरकारदरबारची. मोठ्या हायब्रिडवर 2017 पासून 28 टक्के जीएसटी आणि वर 15 टक्के सेस, म्हणजे 43 टक्के होते. सप्टेंबर 2025 मध्ये ते 40 झाले. विजेच्या गाडीला 5. राज्याच्या 2025 च्या धोरणात समृद्धीवरची टोलमाफीही विजेच्या गाड्यांना. आमच्या गाडीला हिरवी पाटी नाही, आम्ही टोल भरून पुढे. पेट्रोलवाले म्हणतात तुमची बॅटरीची, बॅटरीवाले म्हणतात तुमची पेट्रोलची. घरजावयासारखी गत.

तिसरी, डिकी. बॅटरी कुठेतरी ठेवायची म्हणून डिकीचा तळ उचललेला. तुरीचं एक पोतं आडवं घातलं की आमच्या बॅगा मागच्या सीटवर. मागच्या सीटपाशी बॅटरीला गार ठेवणारी हवा आत घेण्याची एक जाळी आहे. तिच्यावर काही ठेवायचं नाही, असं पुस्तकात लिहिलंय. गावाहून येताना मागच्या सीटवर गोधडी, पापडाचा डबा, शेवग्याच्या शेंगा आणि एक भाची असते. जाळी कुठे आहे हे कुणाला दिसणार? गेल्या सर्व्हिसिंगला पोराने तिची फिल्टर काढून दाखवली. पिवळाधमक थर. "साहेब, ही हळद आहे का?" मी म्हटलं, हिंगोलीची आहे, जपून ठेव.

या सगळ्या हसण्यावारी नेण्याच्या गोष्टी. खरी तक्रार एकच आहे. ही गाडी बोलत नाही.

बटन दाबलं तर घरघर नाही. समोर फक्त 'रेडी' असा हिरवा दिवा लागतो. तो दिसला नाही तर गाडी चालू आहे की बंद, हे माणसाला कळत नाही. बायको एकदा गाडी चालूच ठेवून भाजी घेऊन आली. उलटही होतं. अंगणात शांत उभी असताना बॅटरी उतरली की इंजिन स्वतःहून चालू होतं आणि शेजारची कोंबडी छपरावर जाते. जपानात 1997 पासून अशा गाड्या विकल्या जाताहेत, पण त्या चालणाऱ्या माणसाला ऐकू येत नाहीत हे लक्षात यायला बरीच वर्षं गेली. युरोपात जुलै 2021 पासून प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीला ताशी 20 किलोमीटरपर्यंत आणि मागे घेताना कृत्रिम आवाज काढणं सक्तीचं आहे. माझ्या गाडीतही तसा आवाज आहे. लांबून कुणीतरी देवघरात गुणगुणतंय असा.

जानेवारी 2025, संक्रांत. अंगणातून गाडी मागे घेत होतो. पडद्याचा भोंगा वाजला म्हणून ब्रेक दाबला. मागे अण्णा उभे. हातात तांब्या, तुळशीला पाणी घालत होते. मध्ये वीतभर अंतर. माझे हातपाय गार पडले. अण्णांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, सावकाश तांब्या रिकामा केला आणि आत गेले. मी घरभर गाडीला शिव्या घातल्या. असला कसला आवाज, माणसाला ऐकू येत नाही तो!

त्यानंतर फेब्रुवारीत गाडी गावातच ठेवून मी ट्रॅव्हल्सने पुण्याला आलो. अण्णांच्या मोतीबिंदूची तारीख मार्चमध्ये होती, नांदेडला. मधे काही लागलं तर पुतण्या चालवेल, असं ठरलं. दर रविवारी फोन करायचो. "अण्णा, कसं आहे?" "बरं हाय." "गाडी?" "हाय उभी."

बावीस दिवसांनी पहाटे गावात उतरलो. अंगणात शिजवलेल्या हळदीचा वास भरलेला. अण्णा धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर तयार. मी चावीचं बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पुतण्या म्हणाला, "काका, मी हातच लावला नाही. आवाज येत नाही तर मला भ्याव वाटतं."

मंडळी, या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, शे-दोनशे व्होल्टची, जी गाडी ओढते. दुसरी छोटी, साधी 12 व्होल्टची, जी मोठीला जागं करते. छोटी बसली की मोठी भरलेली असली तरी उपयोग शून्य. आठ-पंधरा दिवस गाडी हलली नाही तर ही छोटी हळूहळू संपत जाते, आणि संपताना कुणाला सांगत नाही. ढकलून चालू करायची सोयही नाही. वरून कहर म्हणजे ती छोटी बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडते विजेच्या बटनावर! हे ज्याने ठरवलं त्याला मी एकदा पुसेगावला जेवायला बोलावणार आहे.

चावीच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडलं. पुस्तक चाळलं. शेवटी शेवटी लिहिलेलं सापडलं की बॉनेटखाली एक लाल झाकण आहे, तिथेही केबल लावता येते. शेजारच्या मामांनी ट्रॅक्टर आणून उभा केला. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टचीच. पाच मिनिटांत हिरवा दिवा लागला. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "एवढी महागाची गाडी, अन् हिला उठवायला ट्रॅक्टर लागतो?"

निघायला दोन तास उशीर. वाटेत मी हळू आवाजात अण्णांशी बोलत होतो. उशीर झाला, माझंच चुकलं, मधे फोन करून गाडी चालू करायला सांगायला हवं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. समोर बघत बसले. रागावले असणार म्हणून मीही गप्प झालो. गाडी तर काय, गप्पच.

दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहून प्रश्न विचारत होते. अण्णा गप्प. सिस्टरने मला विचारलं, "यांना या कानाने ऐकू येत नाही का?" मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात ती डावीकडे गेली आणि तिने तोच प्रश्न विचारला. अण्णा म्हणाले, "नाही येत. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. फोन ते कायम डाव्या कानाला धरतात, म्हणून मला कधी कळलं नाही. जीपमध्ये आणि एसटीत सगळेच ओरडून बोलतात, तिथेही कळलं नाही. गाडीत ते माझ्या डावीकडे बसतात, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे. शांत गाडीत मी हळू बोललो, म्हणून कळायची वेळ आली. संक्रांतीला मी गाडीला दिलेल्या शिव्या तेवढ्या परत घेतो.

"सांगितलं का नाही?" मी डाव्या बाजूला जाऊन विचारलं.

"तू विचारलं का? तू विचारतोस कसं हाय. बरं हाय म्हणून बरं हाय म्हणलो."

त्या दिवशी उशिरामुळे ऑपरेशन झालं नाही, पुढच्या आठवड्यात झालं. डोळा छान आहे. कानाचं मशीन आणलंय. ते बहुतेक वेळा कोनाड्यात असतं.

आता गाडी गावात राहिली तर पुतण्याने दर रविवारी अर्धा तास हिरवा दिवा लावून ठेवायचा, असं भिंतीवर लिहून ठेवलंय. नुसतं बटन नाही, ब्रेकवर पाय ठेवून बटन, नाहीतर दिवे लागतात आणि उलट बॅटरी संपते. त्याच वेळी माझा फोन असतो. कसं आहे असं विचारत नाही. मशीन घातलंय का, घातलं असेल तर फोन उजव्या कानाला लावा, असं म्हणतो. पलीकडे खूप वेळ काही ऐकू येत नाही. मग शिव्या ऐकू येतात.

असो. गाडी विकायची नाहीये. मेहुण्याला सांगा.