तांबेऱ्याचा निकाल पेरणीआधीच लागतो

गव्हाचं वाण निवडताना मी वर्षानुवर्षं एकच कसोटी लावत आलो: दाणा. टपोरा, चमकदार, व्यापाऱ्याने मुठीत घेताच दर बोलावा असा. त्यामुळे लोकवन सोडून दुसरं काही पेरायचा विचारही मनात येत नसे. तांबेरा दिसला की पंप पाठीला लावायचा, एवढंच माझं रोगव्यवस्थापन. हे मत मी आता सोडलं आहे. आमच्या निफाड भागात अनेकांचा हिशेब आजही असाच असतो, म्हणून त्यामागची कारणं मोकळेपणाने मांडतो.

लोकवनाबद्दल मला आकस नाही. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत ते तयार झालं आणि महाराष्ट्राने त्याच्या पोळीला घरात कायमची जागा दिली. पेरणी थोडी लांबली तरी ते सांभाळून घेतं. पण तांबेऱ्याला ते लवकर बळी पडतं.

बांधाच्या एका अंगाला लोकवन आणि दुसऱ्या अंगाला फुले समाधान पेरलं, तेव्हा माझे डोळे उघडले. जमीन तीच, विहीर तीच, खतंही सारखी. ओंब्या बाहेर पडत असताना आभाळ भरून राहिलं, सकाळी दव पडू लागलं आणि लोकवनाच्या पानांवर बारीक, गोल, नारिंगी-तपकिरी फोड उठले. पान चिमटीत धरून ओढलं की बोटांना भुकटी लागे. समाधानच्या पानांवर असे फोड शोधावे लागत होते. मी दहा लिटर पाण्यात १० मिली प्रोपिकोनॅझोल घेऊन फवारणी केली. नवे फोड थांबले. पण ओंबीखालचं शेवटचं पान तोवर करपत आलं होतं. दाणा भरतो तो मोठ्या प्रमाणात त्याच पानाच्या जिवावर. औषध रोगाला अटकाव करतं, गेलेलं पान परत देत नाही. मळणीत लोकवनाचा दाणा बारीक, सुरकुतलेला निघाला. ज्या टपोऱ्या दाण्यासाठी हे वाण पेरत होतो, तोच हाती आला नाही.

मग हा रोग येतो कुठून, हे समजून घेतलं. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरत नाहीत. ते डोंगरांतल्या थंड हवेत टिकतात. आपल्याकडचा काळा आणि नारिंगी तांबेरा नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतो, आणि बंगालच्या उपसागरातली नोव्हेंबरची वादळं त्याला पावसासोबत खाली उतरवतात. १९४६-४७ साली मध्य भारतातला गहू याच रोगाने बसवला होता. वाऱ्याला बांध घालता येत नाही. आपल्या हातात राहतं ते वाण, पेरणीची तारीख, खत आणि पाणी.

म्हणून समाधान हेच कायमचं उत्तर आहे, असंही मी म्हणणार नाही. हरितक्रांतीत गाजलेलं कल्याणसोना काही वर्षांतच तांबेऱ्यापुढे टिकेनासं झालं. बुरशी बदलत राहते. सगळं शिवार एकाच वाणाने भरलं की तिचं काम सोपं होतं. उलट आपल्या सांगली-साताऱ्याकडची खपली बघा. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी जे बारा गहू ठरवले, त्यांत खपली होती. तिच्यातली प्रतिकारशक्ती पुढे गहू पैदासकारांनी इतर वाणांत उतरवली. शिवारात वेगवेगळे गहू असणं ही जुनी हौस नव्हे, ती संरक्षणाची तजवीज आहे.

आता मी लोकवन घरच्या पोळीपुरतं ठेवतो. बाकी रानात दोन प्रतिकारक्षम वाणं असतात. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकतो. शिफारशीप्रमाणे हेक्टरी १२० किलो नत्रापैकी अर्धं पेरताना आणि अर्धं एकविसाव्या दिवसाच्या पाण्याबरोबर देतो. पीक काळंशार दिसावं म्हणून नंतर युरिया टाकणं बंद केलं आहे. त्या माजलेल्या पिकात तांबेरा जोमाने फोफावतो. जानेवारीपासून रोज सकाळी पानं उलटसुलट करून पाहतो. फवारणी सोडलेली नाही; पण ती पहिला फोड दिसताच, शेवटचं पान हिरवं असतानाच.

शेतकरी मित्रांनो, यंदा बियाण्याच्या दुकानात दराआधी एक प्रश्न विचारा: हे वाण तांबेऱ्याला किती टिकतं? आणि निदान दोन वाणं पेरा.