संध्याकाळची थंडी आणि आईची पिशवी

“बंगळूरला कसली आली आहे थंडी?” हा प्रश्न दर डिसेंबरात फोनवर विचारला जातो. विचारणारे पुण्याचे किंवा नाशिकचे असले तर आवाजात थोडी ऐटही असते, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. जानेवारीत पुण्याचे किमान तापमान सरासरी ११-१२ अंशांपर्यंत उतरते. बंगळूरचे १५-१६ च्या आसपासच थबकते. बंगळूरच्या नोंदीतला नीचांक ७.८ अंशांचा, आणि तोही १३ जानेवारी १८८४ चा. म्हणजे आज हयात असलेल्या कोणीही तशी थंडी तिथे अनुभवलेली नाही.

पण पुणेकराची थंडी पहाटेची असते. त्या वेळी तो दुलईत असतो आणि मुख्य म्हणजे कोरडा असतो. बंगळूरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घरांचे तसे नाही. नाताळच्या सुट्टीत उद्यान एक्स्प्रेसने डोंबिवलीची नणंद येते, सांगलीहून सासू-सासरे येतात, आणि लालबाग, बनशंकरी, एखादा मॉल असे करत तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळी वरात बिडदीजवळच्या वंडरलात पोहोचते. म्हैसूर रस्त्यावर शहरापासून साधारण २८ किलोमीटरवरचे हे उद्यान २००५ साली सुरू झाले. तेव्हापासून पाहुण्यांना तिथे नेणे हा बंगळूरकरांचा जणू कुळाचारच होऊन बसला आहे. दिवसभर तिथे उन्हात मनसोक्त भिजायचे. मग सहाच्या सुमारास सूर्य कलतो, मोकळ्या मैदानावर वारा सुटतो, आणि तेव्हा अंगावर ओले कपडे, डोक्यावर ओले केस आणि पायांत चपचपणाऱ्या चपला अशा अवस्थेत सगळे उघड्यावर उभे असतात. दुपारचे २७ अंश एव्हाना बरेच खाली आलेले असतात. थर्मामीटरच्या मानाने अजूनही ही थंडी नव्हेच, पण मुलांचे दात मात्र वाजू लागतात.

कारण माठाचे आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतली उष्णता सोबत घेऊन जाते, म्हणून माठातले पाणी गार होते. ओल्या सुती कपड्यातला माणूस म्हणजे चालता-बोलता माठच. वारा जितका कोरडा आणि वाहता, तितका तो जास्त गार होणार. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच पठारावर वसले आहे आणि डिसेंबरात तिथे पूर्वेकडून वारा वाहत असतो. मुंबईच्या दमट संध्याकाळी ओले अंग तसेच घेऊन लोकलने घरी जाता येते. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हापासून मुंबईकरांच्या दोन पिढ्या भिजून मजेत घरी परतल्या, त्यांना स्वेटरची आठवणही झाली नाही. हाच अनुभव गाठीशी बांधून डोंबिवलीकर बंगळूरला येतात आणि फसतात.

बंगालच्या उपसागरात एखादे वादळ घोंघावत असले तर विचारूच नका. २०२४ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘फेंगल’ वादळाने बंगळूरला भरदिवसा स्वेटर घालायला लावले होते. आकाश काळवंडलेले आणि झिमझिम चालू असली तर बिडदीचा बेत सरळ पुढे ढकलावा. तिकिटाच्या पैशांपेक्षा लहान मुलांचे हाल महाग पडतात.

आता पिशवीकडे वळू. ही पिशवी आदल्या रात्री भरली जाते आणि बहुतेक घरांत ती एकच व्यक्ती भरते. जेवणे आटोपल्यावर घरातली सून ओट्यावरचा हात पुसून कपाट उघडते. मुलांचे दोन-दोन जोड कपडे, भाच्याचे बंगळूरातच घेतलेले जाकीट, नवऱ्याचा टॉवेल, नणंदेसाठी जादा ओढणी, सासऱ्यांचा मफलर आणि कानटोपी, सासूबाईंची शाल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कंगवा, खोबरेल तेलाची छोटी बाटली, सर्दीची गोळी. कोणाचे काही राहू नये म्हणून ती मनात माणसे मोजते. मोजताना एक माणूस नेहमी कमी भरते. तिचा स्वतःचा स्वेटर त्या पिशवीत नसतो.

विचारले तर उत्तर तयार असते. “मी कुठे पाण्यात उतरणार आहे?”

ती पाण्यात का उतरणार नाही, याचे कारण पुन्हा कपड्यांतच आहे. अशा उद्यानांत सुती कपडे, साडी, सलवार-कमीज घालून तलावात उतरू देत नाहीत. नायलॉन, लायक्रा किंवा पॉलिएस्टरचेच कपडे लागतात. पुष्कळांना हा उगाच केलेला जाच वाटतो, पण त्यामागे व्यवहार आहे. सुताचे तंतू सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात अडकतात, भिजलेले सुती कापड जड होते आणि घसरगुंडीवर लांब पदर किंवा ओढणी अडकली तर जिवावर बेतते. नवऱ्याकडे आणि मुलांकडे नायलॉनच्या चड्ड्या असतात. नणंद वयाने लहान, ती प्रवेशद्वाराजवळच्या दुकानातून पोशाख घेऊन मोकळी होते. सून मात्र चाळिशीकडे झुकलेली. सासऱ्यांसमोर असले काही कसे घालायचे, पोट सुटलेले दिसेल, फोटो काढतील, या विचारांनी ती बाकावर बसते. घरच्यांनाही ते सोयीचेच असते, कारण पिशव्या सांभाळायला कोणी तरी लागतेच.

खरे पाहता पूर्ण बाह्यांचा, नितंब झाकणारा नायलॉनचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तंग विजार असा पोशाख उद्यानात चालतो आणि तो ओल्या साडीपेक्षा अंग कितीतरी अधिक झाकतो. गडद रंगाचा घेतला तर भिजल्यावर चिकटूनही काही दिसत नाही. शिवाय पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे झटकले की निम्मे वाळते. पाण्याबाहेर आल्यावर सुती कपड्यातल्या माणसापेक्षा असा माणूस लवकर ऊबेत येतो. हा पोशाख आधीच शहरात, घरच्या घरी घालून पाहून घेतलेला बरा. उद्यानाच्या दुकानातल्या गर्दीत, सासऱ्यांना बाहेर उभे करून, तो निवडण्याची पाळी येऊ देऊ नये.

बाकावर बसलेली बाई कोरडी राहते, हा आणखी एक भ्रम. धाकटा पोरगा पाण्यातून निघून धावत येतो आणि तिच्या मांडीवर बसतो. भाचा ओले केस तिच्या पदराला पुसतो. सगळ्यांचे ओले टॉवेल तिच्या शेजारी आणि पुढे तिच्या खांद्यावर येतात. पाच वाजेपर्यंत तिचा सुती कुर्ता कमरेपासून गुडघ्यापर्यंत दमट झालेला असतो. मग थंडी सुटते. अंगावरची ओढणी ती भाच्याला गुंडाळते, कारण त्याच्या आईने जाकीट गाडीतच ठेवलेले असते. पाण्यात खेळलेली मंडळी निदान हातपाय हलवून गरम झालेली तरी असतात. ही दिवसभर एका जागी बसलेली. सात वाजता सगळ्या कुटुंबात सर्वांत जास्त कोण गारठले असेल, तर जी पाण्यात पाऊलही न टाकता बसली होती ती.

तेव्हा पिशवीत पहिला जोड तिचा पडावा. ती पाण्यात उतरो वा न उतरो, एक सुका कुर्ता, सुकी अंतर्वस्त्रे आणि स्वेटर. ओल्या अंतर्वस्त्रांवर सुके कपडे चढवण्याची चूक घाईत पुष्कळ जणी करतात. दहा मिनिटांत वरचे कपडेही दमट होतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. आणि पिशवी सांभाळायची पाळी तासातासाने बदलावी. उद्यानात सामान ठेवायला भाड्याने कप्पे मिळतात, ते घेतले तर पाळीचीही गरज उरत नाही.

कपडे केव्हा बदलायचे हे काय घालायचे याच्याइतकेच महत्त्वाचे. पाण्याचे खेळ ऊन असेपर्यंत आटोपावेत. चार वाजता, उन्हाची तिरीप अंगावर असतानाच, सगळ्यांना बाहेर काढावे. मुले हटून बसतील. त्यातून कोमट पाण्याच्या कृत्रिम पावसात नाचायची सोय असते आणि तिथून पोरेच काय, त्यांचे वडीलही हलत नाहीत. पण त्या कोमट पावसातून एकदम वाऱ्यात आल्यावर हुडहुडी दुप्पट भरते. लहान मुलांचे अंग वजनाच्या मानाने पसरट असते, त्यामुळे मोठ्यांपेक्षा ती फार लवकर गार होतात. ओठ निळसर दिसू लागले, पोर कुडकुडू लागले की “अजून पाचच मिनिटे” ऐकू नये.

आधी डोके पुसावे. ओल्या केसांनी सर्दी होते असे आजी सांगते. डॉक्टर म्हणतात, सर्दी विषाणूंमुळे होते, केसांमुळे नव्हे. डॉक्टरांचे खरे आहे. पण केसांतून ठिबकणारे पाणी मानेवरून पाठीत उतरते आणि नुकताच घातलेला सदरा भिजवते, तेव्हा आजीच्या आज्ञेप्रमाणे वागलेलेच बरे.

स्वेटर कोणता घ्यावा? एक जाडजूड घेण्यापेक्षा दोन पातळ बरे. चालताना एक काढता येतो, रांगेत थांबल्यावर पुन्हा चढवता येतो. लोकरीचा असेल तर उत्तम, कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. कपाटात लोकरीचे काही नसेल तर हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे मिळते. मुंबईत परळला त्यांचा बाजार भरतो, बंगळूरातही ते येतात. म्हैसूरजवळ बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहतच आहे. दोन पाहुण्यांसाठी एखादा जादा स्वेटर घरात असला तर तो दर नाताळात कामी येतो.

आजी-आजोबांचे दुखणे वेगळे. त्यांना थंडी पायांतून चढते. आजीच्या नऊवारीला शाल शोभते, पण पायांत नुसती चपला असते आणि फरशी दिवसभर ओली. अंगठा वेगळा असलेले लोकरी पायमोजे चपलेतही घालता येतात. एक जोड पायात, एक पिशवीत. दम्याचा त्रास असेल तर नाकावरून मफलर घ्यावा आणि फवाऱ्यापासून दूर बसावे. कानटोपी घातल्यावर नातवंडे हसतात. हसू द्यावे, अर्ध्या तासाने तीच नातवंडे ती मागायला येतात.

मात्र मफलर, शाल आणि ओढणी यांच्याबाबत एक कडक नियम पाळावा लागतो. पाळण्यात, चक्रात किंवा छोट्या मोटारीत बसताना ते उतरवायचे आणि लांब केस वर बांधायचे. २०१८ साली हरियाणातल्या पिंजोर येथे गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा मृत्यू झाला. कपडे गरम हवेत हे खरे, पण गळ्याशी बंद होणारे, चेन असलेले जाकीट तिथे शालीपेक्षा शंभरपट बरे. बंगळूरच्या वंडरलात मनोऱ्याच्या टोकाला फिरणारे ‘स्काय व्हील’ आहे, त्यावर संध्याकाळी बसायचे असेल तर जाकिटाची चेन आधीच वर ओढून घ्यावी. वर गेल्यावर वारा खालच्यासारखा नसतो, आणि हात दांडा सोडायला तयार होत नाहीत.

शहरात फन वर्ल्डला कृत्रिम बर्फाची ‘स्नो सिटी’ आहे. तिथे आत सोडण्याआधी जाकीट आणि बूट देतात, म्हणून तिथे कोणी गारठून आजारी पडत नाही. उघड्या आकाशाखाली ती सोय घरच्यांनीच करायची.

परतीच्या वाटेवर गाडीतला एसी बंद ठेवावा. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डिकीत टाकावेत, मांडीवर घेऊ नयेत. आणि थेट घर गाठण्याची घाई नको, कारण रविवारी संध्याकाळी म्हैसूर रस्त्यावर तसेही अडकायचेच असते. बिडदीची तट्टे इडली प्रसिद्ध आहे. ताटलीएवढी पसरट, मऊसूत, वर लोण्याचा गोळा. रस्त्याच्या कडेला टपरीवजा हॉटेलांतून ती वाफाळती मिळते. पहिली ताटली आली की ती सवयीने भाच्यापुढे सरकवली जाते, तेव्हा नवऱ्याने ती परत फिरवून बायकोपुढे ठेवावी आणि पोरांसाठी दुसऱ्या मागवाव्यात. त्या लगेच येतात.