लस टोचली होती, तरी वासरू का गेलं?

परिसर अभ्यास शिकवताना मी वर्गात बिनधास्त सांगून टाकलं होतं, "लस टोचली की रोग होत नाही." दोन आठवड्यांनी चौथीतला एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, तुम्ही खोटं सांगितलं." त्यांच्या गोठ्यात लाळ-खुरकूत शिरलं होतं. सोमवारी गुरांना लस टोचली, गुरुवारी गाईच्या तोंडातून लाळ गळायला लागली, आणि वासरू दगावलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डी.एड.ला जीवशास्त्र किती असतं, तुम्हाला माहीतच आहे! घरी जाऊन वाचलं. लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. विषाणू काही आठवडा थांबत नाही.

वाचता वाचता इंटरफेरॉन सापडलं. 1957 साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जीन लिंडनमन यांनी ते शोधलं. विषाणू शिरलेली पेशी हे प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. मी मुलांना सांगितलं, एकाच्या रानात डुकरं शिरली की तो हाळी देतो, मग बाकीचे आपापलं कुंपण बघतात, तसंच. लगेच कळलं पोरांना.

ही हाळी बाहेरून देता येते. कावीळ बी वर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत आले आहेत, सी वरही पूर्वी देत. पण ते शरीरात फार टिकत नाही, म्हणून साधं इंटरफेरॉन आठवड्यातून तीनदा टोचायचं, वर ताप नि अंगदुखी.

अमेरिकेतल्या प्लम बेटावर जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी सर्दी-पडशाचा एक ॲडिनोव्हायरस घेतला. त्याला वाढू देणारा जनुक काढला आणि डुकराच्या इंटरफेरॉनचा जनुक बसवला. आता तो पेशीत शिरतो, पण वाढत नाही. फक्त चिठ्ठी पोचवतो, आणि ती वाचून पेशी स्वतःच इंटरफेरॉन बनवते. 2003 साली छापलेल्या प्रयोगात डुकरांना हे टोचून दुसऱ्या दिवशी लाळ-खुरकूतचा विषाणू दिला. पुरेसा डोस मिळालेली डुकरं आजारी पडली नाहीत. (हाळीचं उदाहरण डुकरांचं आणि प्रयोगही डुकरांवर, यावर वर्ग खूप हसला.) हा परिणाम थोडेच दिवस टिकतो, म्हणून सोबत लसही द्यायची. लस तयार होईपर्यंत इंटरफेरॉन किल्ला लढवतं. गाईंमध्ये मात्र एवढं यश आलं नाही. रोग उशिरा आणि सौम्य झाला, इतकंच.

पालकहो, विषाणूच्या गाडीला घाबरू नका. पुण्यात बनलेली कोविशील्ड अशाच गाडीतून आली होती. गाडी चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसची, माल तेवढा वेगळा.

"मग आमच्या गाईला हे मिळंल का?" त्या मुलाने विचारलं. मी म्हटलं, "आत्ता नाही रे, हे प्रयोगातलं आहे. आणि माझं ते वाक्य चुकलं होतं." मग आम्ही वहीत लिहिलं, की लस टोचल्यावर निदान दोन आठवडे गुरं बाजारात न्यायची नाहीत, सगळ्यांच्या हौदावर सोडायची नाहीत. त्याने ते घरी वडिलांना वाचून दाखवलं. गाय उठली आहे. दूध अजून कमीच देते म्हणतो.