विश्रांतीचें ऋण

नाताळ हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. त्याचें मूळ जन्माशीं निगडित आहे. परंतु आमच्यासारख्या नोकरदार, ख्रिस्तेतर कुटुंबांत त्याचा रूढ अर्थ ‘सुटी’ एवढाच. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, कीं कचेरीच्या कटकटींतून चार दिवस सुटका होते, आणि त्या सुटकेलाच आपण विश्रांति म्हणतों. वस्तुतः ह्या दोहोंत महदंतर आहे. काम थांबलें म्हणजे देह स्वस्थ बसतो. मन बसतेंच असें नाहीं.

ह्याचा प्रत्यय आम्हांस गोव्यांत आला. त्या वर्षीं भाद्रपदांत आमचे वडील गेले. त्यांच्या दीर्घ दुखण्यांतल्या जागरणाच्या रात्री संपल्या, तरी झोंप परत येईना. रिवाजाप्रमाणें दिवाळीला घरांत फराळ झाला नाहीं. पुढें नाताळची सुटी लागली, तीहि आम्हांस ओझेंच वाटली. अशांत शेजारच्या एक ख्रिस्ती वृद्धा झांकलेलें ताट घेऊन आल्या. नाताळांत शेजाऱ्यांकडे असें मिठाईचें ताट पाठविण्याची तिकडे चाल आहे. त्यास ‘कोन्सुआद’ म्हणतात. ताटांत नेवऱ्या होत्या, दोदोल होतें, बेबिंक होती. आमच्या पत्नीस त्या म्हणाल्या, “बाय, यंदा तुझ्या चुलीवर कढई चढली नाहीं, म्हणून पहिलें ताट तुझें.”

बेबिंक करणें मोठ्या चिकाटीचें काम. एक थर भाजून झाल्यावांचून दुसरा ओततां येत नाहीं, आणि जुन्या पद्धतींत निखारे वरूनहि ठेवावे लागतात. करणारीला चुलीजवळून हलण्याची सोय नाहीं. त्या वृद्धेचे ते श्रम आमच्यापुढें ताटांत होते. त्या रात्रीं आम्हांस गाढ झोंप लागली. दुःख उणें झालें नव्हतें. परंतु तें एकट्यानेंच वाहावयाचें नाहीं, एवढें कळलें होतें.

शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तिथि दिलेली नाहीं. २५ डिसेंबरची नोंद इ. स. ३५४ मध्यें रोम येथें सिद्ध झालेल्या पंचांगांत आढळते. लूकनें तिथि सांगितली नाहीं, साक्षीदार मात्र सांगून ठेवले आहेत. ते म्हणजे रात्रीं रानांत कळप राखणारे मेंढपाळ. ज्यांना सुटी नव्हती त्यांनाच पहिली वार्ता मिळाली, ह्यांत आम्हांस मोठें मर्म दिसतें. आपण निजतों तेव्हां कोणी ना कोणी जागें असतें. रुग्णाच्या उशाशीं परिचारिका, आगगाडीच्या यंत्रापाशीं चालक, आणि सणाच्या आदल्या रात्रीं बहुतेक घरांत चुलीपाशीं घरची बाई. आपली विश्रांति अशी दुसऱ्याच्या जागरणावर उभी असते. तें ऋण ओळखणें हीच कृतज्ञता. आणि तें थोडेंतरी फेडावयाचें असेल, तर एखाद्या रात्रीं आपण जागावें व आपल्या घरच्या त्या बाईस निजूं द्यावें. नाताळची सुटी त्याकरितां कांहीं वाईट नाहीं.