चावीचे घड्याळ घरी खोलताना

चावीचे मनगटी घड्याळ एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीच्या जोरावर चालते. चावी दिली की ही मेनस्प्रिंग आपल्या गोल डब्यात आवळली जाते आणि सैल होताना चक्रांच्या रांगेला ढकलत राहते. रांगेच्या टोकाचे एस्केप व्हील मोकाट फिरू नये म्हणून पॅलेट फोर्क त्याचा एकेक दात अडवतो आणि सोडतो. त्या प्रत्येक सुटकेचा हलका धक्का मिळून बॅलन्स व्हील झुलते. डब्यापाशी जोर भरपूर असतो, बॅलन्सपर्यंत पोचेतो त्याचा अगदी थोडा अंश उरतो. म्हणूनच बंद पडलेले स्वस्त घड्याळ बहुतेक वेळा मोडलेले नसते. वाटेत कुठेतरी तेल सुकून चिकट झालेले असते, धूळ बसलेली असते, आणि तेवढ्याने तो उरलासुरला जोर संपून जातो. नवशिक्याने घरी करण्याजोगी दुरुस्ती म्हणजे मुख्यतः ही वाट मोकळी करणे.

त्यासाठी आपल्याकडे एचएमटी ‘जनता’इतके सोयीचे घड्याळ दुसरे नाही. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला घड्याळांचा कारखाना उभा केला. पुढची निदान पंचवीस वर्षे लग्नात जावयाला, नोकरीला लागलेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना दिलेले घड्याळ बहुधा याच कंपनीचे असे. क्वार्ट्झ घड्याळे आली तशी ही मागे पडली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. घड्याळे मात्र घरोघरी उरली. रायगड जिल्ह्यातल्या चौक, खालापूर, कर्जतच्या जुन्या घरांत कपाटाच्या खणात एखादी ‘जनता’ किंवा ‘पायलट’ अजून सापडते. न सापडल्यास मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार आहे. तिथे चकाकणारी डायल पाहून भुलू नये. अनेक घड्याळांच्या डायली नव्याने रंगवलेल्या आणि आतले भाग तीन-चार घड्याळांतून जमवलेले असतात. शिकण्यासाठी तेही चालते. वडिलांचे घड्याळ मात्र पहिल्या प्रयोगाला घेऊ नये. हात बसेपर्यंत ज्याची हळहळ वाटणार नाही असेच घड्याळ टेबलावर असावे.

हत्यारे थोडीच लागतात, पण ती बरी असावीत. एक मिलिमीटरच्या आसपासच्या पात्यांचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, टोके नीट जुळणारा चिमटा, डोळ्याला लावायचे भिंग, मशीन धरायचा होल्डर आणि धूळ उडवायला रबरी फुगा. स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे उत्तम, कारण त्याचे खण काढलेल्या क्रमाने भरता येतात. प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढावा. चौकसारख्या गावी हंगामही पाहावा लागतो. इर्शाळगड आणि माथेरानच्या या पट्ट्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडे पोलाद लवकर गंजते. एप्रिल-मेमध्ये अडचण घामाची. पंखा लावला तर धूळ आणि हलके भाग उडतात, बंद ठेवला तर कपाळाचा खारट थेंब थेट मशीनवर पडू शकतो. कोरड्या थंडीचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस या कामाला चांगले.

खोलण्याआधी दोष ओळखावा. चावी फिरतच नसेल तर ती पूर्ण भरलेली असून अडथळा पुढे आहे. चावी नुसती फिरतच राहिली तर मेनस्प्रिंग तुटलेली किंवा सुटलेली असण्याचा संभव जास्त. घड्याळ हलवल्यावर थोडे चालून थांबत असेल तर बहुधा ते साफसफाईच मागते आहे. एकाएकी तासाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले तर बॅलन्सवरच्या बारीक स्प्रिंगचे, म्हणजे हेअरस्प्रिंगचे, वेटोळे एकमेकांना चिकटलेले असते. कारण कधी तेल, कधी चुंबकत्व. होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का ते पाहिले की चुंबकाचा संशय तपासता येतो.

मागचे झाकण कुठे आट्यांचे असते, कुठे दाबून बसवलेले. ते निघाल्यावर चावीचा दांडा सोडवायचा. त्यासाठी मशीनवर दाबायचा ठिपका असतो किंवा बारीक स्क्रू. स्क्रू असेल तर एक-दोन फेरेच सैल करावा, कारण पूर्ण निघाला की आतला लिव्हर जागा सोडतो. काटे आणि डायल उतरवली की चावीचा दांडा तेवढ्यापुरता पुन्हा बसवावा आणि मेनस्प्रिंगचा ताण उतरवावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. क्लिक नावाची छोटी अडणी चिमट्याने बाजूला धरायची आणि चावी दोन बोटांत दाबून हळूहळू उलटी सरकू द्यायची. ताण तसाच ठेवून पॅलेट फोर्क काढला तर सगळी रांग एका झटक्यात सुटते आणि चक्रांची टोके मोडतात.

ताण उतरल्यावर बॅलन्स, मग फोर्क, मग चक्रांना वरून धरणारा पूल. बॅलन्स आपल्या पुलासकट उचलला जातो आणि हेअरस्प्रिंगला लटकतो. तो उचलताना ओढ बसली तर स्प्रिंग वाकते, आणि वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणे नवशिक्याचे काम नव्हे. एचएमटीच्या बॅलन्सला पॅराशॉक ही धक्क्यापासून बचाव करणारी रचना असते. तिची इवली स्प्रिंग चिमट्यातून उडाली की सापडत नाही, म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावे.

धुण्यासाठी जुने घड्याळजी पेट्रोल वापरत आले आहेत. लायटरचे इंधन अधिक स्वच्छ. खिडकी उघडी हवी, आणि शेगडी, समई, उदबत्ती यांतले काहीही त्या खोलीत पेटलेले नको. चक्रांची टोके ज्यांत फिरतात त्या ज्वेल्सची छिद्रे टोकदार केलेल्या लाकडी काडीने, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवून पुसावीत. फोर्क अल्कोहोलमध्ये बुडवू नये. त्याचे दोन माणिक-खडे शेलॅकने चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते. हे शेलॅक लाखेपासून होते आणि लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतो. यंत्रयुगाच्या या कारागिरीला अजून त्या किड्याची लाख लागते, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

जोडणी उलट्या क्रमाने. पूल ठेवला की चक्रांची टोके आपापल्या ज्वेलमध्ये गेल्याची खात्री होईपर्यंत स्क्रू आवळू नयेत. जोर केला तर टोक मोडते. फोर्क बसवण्याआधी चावी किंचित फिरवून रांग चालवून पाहावी. थांबताना एस्केप व्हील जरासे उलटे फिरले तर वाट मोकळी झाली. तेल ज्वेलच्या वाटीत निम्म्याहून कमी भरेल इतकेच. वेगवान चक्रांना पातळ, मंद चक्रांना दाट, चावीच्या भागांना ग्रीस. फोर्कच्या अक्षाच्या टोकांना तेल द्यायचे नसते. जास्त तेल हे कमी तेलाइतकेच घातक, कारण ते पसरते आणि पुन्हा धूळ धरते.

‘जनता’चे बॅलन्स तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,०००. दिवसाला एक मिनिट चूक म्हणजे हजारात एक ठोकाही नव्हे. बॅलन्सच्या पुलावरचा छोटा दांडा केसभर सरकवून, रोज ठरल्या वेळी पूर्ण चावी देऊन आठवडाभर फरक लिहीत गेले की घड्याळ हळूहळू ठिकाणावर येते.

बॅलन्सचा अक्ष मोडला असेल तर लेथ लागते. तिथे घड्याळजीकडे जावे किंवा दुसऱ्या बंद घड्याळातून बॅलन्स घ्यावा. झाकण लावताना रबरी कडी असेल तर ती नवी घालावी, तरीही ‘जनता’ पाण्यासाठी बनलेली नाही. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी झाकण उघडून मशीन सुकवावे. उशीर झाला तर चावीच्या दांड्यावर आणि त्याच्या शेजारच्या पोलादी भागांवर आधी गंज धरतो.