काळ्या मातीतला पाया

परभणी जिल्ह्यात घर बांधायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती काळ्या मातीशी. कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन देणारी ही माती घराच्या बाबतीत मात्र भरवशाची नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर घर असेल तर तेही दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खचते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि पावसाळ्यात दार चौकटीत अडकू लागते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. म्हणून आपल्याकडे ‘काळी’ म्हणजे शेती आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती. गावे पांढरीच्या उंचवट्यावर वसली, माळवदाची घरे तिथेच उभी राहिली. आता गावठाणे भरली. वाटण्या झाल्या, मुले मोठी झाली आणि कालच्या शेतात प्लॉट पडले. काळीत घर बांधण्याची वेळ खऱ्या अर्थाने आपल्या पिढीवर आली.

पाथरीकडे प्लॉट घेतल्यावर आम्ही आधी जिल्हा पाहून घ्यायचे ठरवले. सुट्टीच्या दिवशी जिंतूरपासून सुरुवात केली. तिकडे डोंगराळ भाग. कित्येक ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो आणि पाया लवकर वर येतो. तिथून परभणी, मानवत करत गोदावरीच्या बाजूला येऊ लागलो तशी माती खोल होत गेली. वाटेत जिथे बांधकाम दिसले तिथे थांबून विचारले, “किती फुटांवर लागला?” या प्रश्नाला कुणीही परके मानले नाही. कुणी चहा पाजला, कुणी आपल्या भिंतीतली भेग दाखवली.

आमच्या प्लॉटवर मेमध्ये खोदकाम सुरू झाले. पाच फूट झाले, काळीच. सात फूट झाले तरी काळीच. धाकटे भाऊ म्हणाले, “भाईजान, आता बास करू. सगळा पैसा जमिनीतच जाईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे घरात आधीच ठरले होते. हाताशी होती ती बचत, भिशीचा नंबर आणि अम्मीने पुढे केलेल्या दोन बांगड्या.

मिस्त्रीमामा खड्ड्यात उतरले, पहारीने तळ ठोकून पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, खोली नंतर वाढवता येते. पाया नंतर खाली नेता येत नाही.” अम्मीला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या होत्या. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडचा धक्का आपल्या जिल्ह्यातही जाणवला, तेव्हा आम्ही सगळे अंगणात उभे होतो. त्या रात्री चार खोल्यांचा नकाशा दोन खोल्यांवर आला. नवव्या फुटाला पिवळा मुरूम लागला. अलहम्दुलिल्लाह.

पुढचे काम मामांनी शिस्तीत करून घेतले. तळाला पीसीसी, त्यावर सळईची जाळी आणि फुटिंग, मग कॉलम, आणि वर सगळ्या कॉलमना बांधणारा प्लिंथ बीम. खड्डे भरताना निघालेली काळी माती परत टाकली नाही. मुरूम आणून थर देत, पाणी मारत, धुम्मस केले. पाण्याचे टँकर महाग, तरी काँक्रीट तहानलेले ठेवले नाही. घराभोवती फरसबंदी करायची, छताचे पाणी पायापासून दूर सोडायचे, शोषखड्डा आणि मोठे झाड भिंतीला लागून नको, हेही त्यांनी बजावले. मुरूम फारच खोल असेल तिथे तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केली. तिथे इंजिनिअरचा सल्ला घ्यावाच.

पायात नाणी टाका, बोकड कापा, असे सांगणारेही भेटले. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून पहिले घमेले टाकले, दुआ केली आणि मजुरांना शिरखुर्मा दिला. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, म्हणून रोजचा हिशेब रोज मिटवला. हजरत इब्राहीम (अलै.) आणि हजरत इस्माईल (अलै.) यांनी काबागृहाचा पाया उचलताना केलेली दुआ सूरह बकरहमध्ये आहे: काम आमचे, कबूल करणारा तू. सूरह तौबामध्ये तर ढासळत्या काठावर उभारलेल्या इमारतीची उपमाच आहे. वर्गात ती अनेकदा समजावून सांगितली होती. नऊ फूट खोल खड्ड्याच्या काठावर उभे राहिल्यावर ती वेगळीच कळली.

जूनच्या पहिल्या पावसाआधी जोते बांधून झाले. नातेवाईक येतात, विचारतात, “एवढ्या पैशात एवढेच?” अम्मी हसून जोत्यावर चटई टाकते आणि त्यांना बसायला सांगते. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले की मातीचा खरा जबाब मिळेल. तोवर दोन खोल्यांच्या भिंती, इन्शा अल्लाह, पुढच्या बचतीतून.